वागण्याची वही: स्वतःच्या मनाविषयी टिपणे कशी लिहावीत

माणूस स्वतःच्या वागण्याचे कारण सांगताना सहसा अडत नाही. राग का आला, अमुकच वस्तू का निवडली, ठरवलेले काम का राहून गेले, असे कोणी विचारले की उत्तर जिभेवर तयार असते, आणि ते इतक्या सहज येते की तपासून पाहावे असे मनातही येत नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या सहजतेचाच समाचार घेतला आहे. त्यांच्या एका प्रयोगात नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांतली सर्वांत चांगली कोणती, ते येणाऱ्याजाणाऱ्यांना विचारले होते. चारही जोड्या तंतोतंत सारख्या होत्या. तरीही उजव्या टोकाची जोडी डाव्या टोकाच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा पसंत केली गेली. कारण विचारल्यावर लोकांनी मोज्यांचे गुण सांगितले, जागेचा उल्लेख कोणीच केला नाही, आणि जागेमुळे निवड झाली असेल का असे स्पष्ट विचारल्यावर जवळपास सर्वांनी ती शक्यता झटकून टाकली.

ही माणसे खोटे बोलत नव्हती, आणि स्वतःविषयी लिहू इच्छिणाऱ्याची खरी अडचण नेमकी हीच आहे. दैनंदिनी लिहिणारे अनेकजण प्रामाणिक असतात, परंतु प्रामाणिकपणे लिहिलेले कारणही चुकीचे असू शकते. म्हणून पुढे सांगितलेल्या पद्धतीचा गाभा एवढाच आहे की घडलेली घटना आणि तिचे कारण या दोन गोष्टी वेगवेगळ्या जागी आणि शक्यतो वेगवेगळ्या वेळी लिहाव्यात, आणि पुरावा हाती येईपर्यंत कारणाला कयासच मानावे. या पद्धतीने मेंदूविषयी, मनुष्यस्वभावाविषयी आणि रोजच्या वागण्याविषयी लहान लहान टिपणे तयार करता येतात, आणि ती निदान लिहिणाऱ्यापुरती तरी खरी ठरण्याची शक्यता बरीच वाढते.

आधी घटना

साधी वही पुरते. डाव्या पानावर फक्त घडले ते लिहावे आणि उजवे पान कोरे सोडावे. डाव्या पानावर काय चालते आणि काय चालत नाही, हे एका उदाहरणावरून पाहणे सोयीचे होईल. समजा, एका बैठकीनंतर कोणी असे लिहिले: "आज बैठकीत उगाच बिनसले. हल्ली माझा संयम सुटत चालला आहे. सहकाऱ्यांना माझी किंमत नाही." या तीन वाक्यांत एकही घटना नाही. पहिल्यात मनःस्थितीवरचा शेरा आहे, दुसऱ्यात स्वभावाविषयीचा निष्कर्ष आहे आणि तिसऱ्यात दुसऱ्यांच्या मनातले ओळखल्याचा दावा आहे. महिन्याभराने ही नोंद वाचणाऱ्याला, म्हणजे स्वतःलाच, त्या दिवशी नेमके काय झाले होते ते कळायला काही मार्ग उरत नाही.

तीच नोंद अशी लिहिता येते: "सकाळी ११.४०. बैठक सुरू होऊन सव्वा तास झाला होता. मी मुद्दा मांडत असताना सहकाऱ्याने मध्येच तोडले आणि 'हे नंतर बघू' असे म्हटले. मी 'ठीक आहे' म्हणालो, वही मिटली आणि बैठक संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही. जबडा आवळलेला होता. रात्री पाच तास झोप झाली होती. मुद्द्याचे आकडे सकाळी घाईत काढले होते. बैठकीआधी आलेल्या दोन निरोपांना उत्तर द्यायचे राहिले होते." या नोंदीत राग, अपमान, संयम यांपैकी एकही शब्द नाही, पण कॅमेऱ्याला दिसले असते ते सगळे आहे, आणि शिवाय शरीराची अवस्था आणि आधीचे काही तासही आहेत. झोप, भूक, घाई आणि अर्धवट राहिलेली कामे या गोष्टी लिहिण्याजोग्या वाटत नाहीत, म्हणूनच त्या आवर्जून लिहाव्यात, कारण वागण्याचे धागे पुष्कळदा तिथेच सापडतात आणि आठवणीतून सर्वांत आधी त्याच गळतात.

भावना लिहूच नयेत असे नाही. "छातीत धडधड, हात गार" ही नोंद डाव्या पानावर बसते. "मला तुच्छ लेखल्यासारखे वाटले" हे वाक्य मात्र उजव्या पानावर जावे, कारण त्यात भावनेबरोबर तिचा अर्थही आला आहे.

लगोलग लिहिणे

नोंद आणि घटना यांच्यात जितका वेळ जातो तितकी नोंद घटनेपेक्षा आठवणीची होत जाते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून, ती बातमी त्यांना कुठे, कशी आणि कोणाकडून कळली याची उत्तरे लिहून घेतली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्शाच्या विद्यार्थ्यांची नवी हकीकत आपल्याच जुन्या उत्तराशी एकाही मुख्य तपशिलात जुळली नाही. आठवण चुकली एवढ्यावर हे थांबले असते तर त्यात नवल नव्हते. चुकलेली आठवणही ठसठशीत होती, तिच्याविषयीची खात्री पक्की होती, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही नवी हकीकत काही जणांच्या मनातून हलली नाही. तेव्हा "मला तर अगदी काल घडल्यासारखे आठवते" या वाक्याला वहीत पुरावा म्हणून जागा देऊ नये.

दिवसाच्या शेवटी एकदाच लिहिण्याची सवय चांगली असली तरी या कामाला ती पुरेशी पडत नाही, याचे आणखी एक कारण आहे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि त्यावर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले होते. दुसऱ्या प्रकारात एकूण त्रास उघडच जास्त होता, तरी यांतले कोणते पुन्हा कराल असे विचारल्यावर बहुसंख्यांनी तोच निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. रात्री झोपताना "दिवस कसा गेला" असे स्वतःला विचारले की हेच होते: सर्वांत तीव्र क्षण आणि शेवटचा क्षण उत्तर देतात, मधले तास बाजूला पडतात.

यावर सोपा उपाय आहे. दिवसातून तीनचार वेळा, आधीपासून ठाऊक नसलेल्या वेळी, मोबाइलला गजर देऊ द्यावा आणि गजर होताच आपण काय करत होतो, मन कुठे होते आणि शरीर कसे होते एवढे एका ओळीत लिहावे. संशोधक ही युक्ती १९७० च्या दशकापासून वापरत आले आहेत. त्या वेळी मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी त्यासाठी पेजर वाटले होते. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये फोनवरून अशाच नोंदी गोळा केल्या तेव्हा सुमारे ४७ टक्के वेळा माणसाचे मन हातातल्या कामावर नसून दुसरीकडे भटकत असल्याचे आढळले. आपला आकडा काय येतो हे आठवडाभर पाहण्याजोगे असते, मात्र गजराची वेळ स्वतः ठरवू नये. ठरवलेल्या वेळेला माणूस आपोआप शहाण्यासारखा वागू लागतो.

तसे पाहिले तर नोंद ठेवू लागताच वागणे थोडेफार बदलतेच. सिगारेट ओढणारा प्रत्येक सिगारेट लिहू लागला की पुष्कळदा ती कमी होते. पहिल्या काही दिवसांच्या नोंदींवरून म्हणूनच काही ठरवू नये. त्या ठेवाव्यात, पण मोजू नयेत.

मग कारण, पण एकटे नाही

उजव्या पानाकडे निदान एक रात्र उलटल्यावर वळावे. इथे आपल्या मेंदूची एक खोड ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, आणि ती ज्या रुग्णांमुळे उघडकीला आली त्यांची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी.

तीव्र अपस्माराच्या काही रुग्णांवर उपाय म्हणून मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पट्टा शस्त्रक्रियेने छेदला जात असे. अशा एका रुग्णावर मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. रुग्णाच्या डाव्या अर्धगोलाला कोंबडीच्या पायाचे चित्र दाखवले आणि उजव्या अर्धगोलाला बर्फाने झाकलेल्या घराचे. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी चित्रे निवडायला सांगितली. उजव्या हाताने कोंबडी निवडली, तर उजव्या अर्धगोलाच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे निवडले. बोलण्याची सूत्रे डाव्या अर्धगोलाकडे होती आणि बर्फाचे चित्र त्याने पाहिलेच नव्हते. फावडे का निवडले, असे विचारल्यावर "मला माहीत नाही" हे एकमेव खरे उत्तर होते. रुग्णाने मात्र जराही न अडखळता सांगितले की कोंबडीचा पाय कोंबडीशी जुळतो, आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते.

हे छेदलेल्या मेंदूपुरतेच आहे, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. लुंड विद्यापीठातल्या पीटर योहान्सन आणि लार्स हॉल यांनी २००५ साली धडधाकट माणसांना चेहऱ्यांची दोन छायाचित्रे दाखवून अधिक आकर्षक वाटणारे निवडायला लावले आणि हातचलाखीने, न निवडलेले छायाचित्र त्यांच्या हाती देऊन "हेच का निवडले" असे विचारले. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षात आली नाही, आणि न निवडलेल्या चेहऱ्याच्या निवडीची कारणे लोकांनी तपशिलवार सांगितली.

कारण गरजेनुसार तयार होते, हे एकदा मान्य केले की उजव्या पानावर एकच कारण लिहिण्यात अर्थ राहत नाही. तिथे किमान तीन कयास लिहावेत, आणि त्यांपैकी एक परिस्थितीचा असावा, एक आपल्याला न शोभणारा असावा. दुसऱ्या अटीपाशी हात अडखळतो, तरी ती सोडू नये. बैठकीच्या उदाहरणात पहिला कयास सहज सुचतो: मध्येच तोडल्याने अपमान झाला. दुसरा परिस्थितीचा: झोप अपुरी होती आणि उत्तर न दिलेल्या निरोपांचे ओझे डोक्यावर होते. तिसरा न शोभणारा: आकडे घाईत काढलेले होते, मुद्दा कच्चा होता, तो उघडा पडण्याआधी कोणीतरी थांबवले याची आतून सुटका वाटली, आणि गप्प बसणे हे त्या सुटकेवरचे पांघरूण होते. तिसरा कयास खराच असेल असे नाही. पण तो लिहिलाच नाही तर पहिला बिनविरोध निवडून येतो.

हे तीन कयास आता भाकिते म्हणून वाचावेत. अपमानाचा कयास खरा असेल तर तयारी पक्की असतानाही कोणी तोडले की असेच मौन यायला हवे. झोपेचा खरा असेल तर अपुऱ्या झोपेनंतर, कोणी न तोडताही, बोलणे आखडायला हवे. आणि सुटकेचा खरा असेल तर तयारी पक्की असलेल्या दिवशी तोडले गेल्यावर आपण मुद्दा पुन्हा उचलून धरायला हवा. तिन्ही भाकिते वेगवेगळी आहेत, म्हणजे पुढच्या काही नोंदी त्यांच्यात निवड करू शकतील. ज्या कयासातून वेगळे असे कोणतेच भाकीत निघत नाही, उदाहरणार्थ "माझा स्वभावच असा आहे", तो कितीही खोल वाटला तरी खोडून टाकावा.

उलट पुरावा शोधणे

पीटर वासन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेले एक कोडे इथे उपयोगी पडते. लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन सांगितले गेले की ते एका नियमात बसतात. आणखी त्रिकुटे सुचवून, प्रत्येक वेळी "बसते" किंवा "बसत नाही" एवढे उत्तर ऐकून, तो नियम ओळखायचा होता. बहुतेकांच्या मनात "दोनाने वाढणारे आकडे" हा नियम आला आणि ते ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशी त्रिकुटे देत राहिले. प्रत्येक वेळी "बसते" असे उत्तर येत होते आणि खात्री वाढत होती. खरा नियम फक्त "चढत्या क्रमाचे आकडे" एवढाच होता. तो सापडायला १, ७, ५० यासारखे, आपल्या नियमात न बसणारे त्रिकूट मुद्दाम देऊन पाहावे लागते, आणि तसे आपणहून फार थोड्यांनी केले.

वहीच्या बाबतीत याचा अर्थ असा की आपला लाडका कयास खोटा ठरू शकेल अशा प्रसंगांच्या नोंदी आधी शोधाव्यात. "मी सकाळीच नीट काम करू शकतो" असे वाटत असेल तर दुपारी चांगले झालेले काम मुद्दाम हुडकावे. ते सापडले की लगेच लिहावे. तासाभराने लिहू असे म्हणू नये. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे की आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी गोष्ट वाचनात, पाहण्यात किंवा विचारात आली की ते ती न चुकता आणि तत्काळ टिपून ठेवत, कारण अशा गोष्टी अनुकूल गोष्टींपेक्षा फार लवकर विसरल्या जातात असा त्यांचा अनुभव होता. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतला एकच नियम पाळायचा ठरला तर हा पाळावा. वहीची शेवटची चार पाने यासाठी राखून ठेवली तर अशा नोंदी इतरांत हरवत नाहीत.

भाकीत तारखेसह

काही नोंदी घटना घडण्याआधीच लिहाव्या लागतात. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ मधल्या बीजिंग आणि मॉस्को दौऱ्यांपूर्वी, तिथे काय काय घडेल याच्या शक्यता लोकांकडून लिहून घेतल्या. दौरे झाल्यावर त्याच लोकांना स्वतःचे जुने आकडे आठवायला सांगितले, तेव्हा जे घडले होते त्याची शक्यता आपण मुळात दिली होती त्यापेक्षा जास्त दिली होती, असे त्यांना साधारणपणे आठवले. "मला आधीच वाटले होते" या उद्गारावर उतारा एकच: तारीख घालून, आकड्यात, आधी लिहून ठेवलेले भाकीत.

स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल हे भाकीत या सरावासाठी सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याचा निकाल लवकर आणि निर्विवाद लागतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. सगळे काही बिघडले तर किती लागतील, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही सरासरी ४९ दिवसांचेच होते, म्हणजे त्यांची वाईटातली वाईट कल्पनासुद्धा वास्तवापेक्षा आशावादी निघाली. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहावा, संपल्यावर खरा वेळ लिहावा आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. अशा दहाबारा नोंदींतून आपला स्वतःचा गुणक हाती येतो, आणि पुढच्या कामाला तो लावण्याइतका उपयोगी असतो.

दुसऱ्यांविषयी लिहिताना

मनुष्यस्वभावावरची टिपणे लिहायची म्हटली की लेखणी झपाट्याने शेजाऱ्याकडे वळते. तिथे जास्त जपून चालावे लागते. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांच्या १९६७ च्या प्रयोगात लोकांना क्यूबाचे नेते कास्ट्रो यांच्या बाजूचे किंवा विरुद्धचे निबंध वाचायला दिले. लेखकाने बाजू स्वतः निवडलेली नव्हती, ती त्याला नेमून दिलेली होती, असे स्पष्ट सांगितल्यावरही निबंधातली मते काही प्रमाणात लेखकाचीच असावीत असे वाचकांनी मानले. परिस्थितीचा जोर विसरून माणसाच्या स्वभावावर बोट ठेवण्याच्या या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये 'मूलभूत' चूक असे नाव दिले. उशिरा आलेला माणूस बेफिकीर ठरतो. आपण उशिरा पोचतो तेव्हा रस्त्यावर गर्दी असते.

म्हणून दुसऱ्याविषयीच्या नोंदीत विशेषण वापरू नये. "तो हट्टी आहे" याऐवजी "तीनदा विचारूनही त्याने तारीख बदलली नाही" असे लिहावे, आणि उजव्या पानावर, त्याच परिस्थितीत मी असतो तर तारीख का बदलली नसती, याची दोन उत्तरे लिहावीत. विशेषण गेले की बहुतेक तक्रारींतली हवा निघून जाते, हे या शिस्तीचे जोडफळ.

घरातले किंवा गटातले काम कोण किती करते, हा वाद वहीसाठी खास चांगला विषय आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ साली जोडप्यांना, घरातल्या वेगवेगळ्या कामांतला आपापला वाटा स्वतंत्रपणे सांगायला लावला. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत १०० टक्क्यांच्या वर गेली. हा केवळ बढाईचा प्रकार असता तर वाईट गोष्टींत, जसे भांडण उकरून काढण्यात, दोघांनी आपला वाटा कमी सांगितला असता. पण तिथेही कल जास्त सांगण्याकडेच दिसला. स्वतः केलेले डोळ्यांसमोर असते, दुसऱ्याने केलेले आपण तिथे नसताना झालेले असते, एवढे साधे त्याचे स्पष्टीकरण आहे. सात दिवस दोघांनी फक्त स्वतःने केलेले काम लिहावे आणि आठव्या दिवशी वह्या बदलून वाचाव्यात. टक्के काढायची गरज सहसा पडत नाही.

नोंदींतून टिपण

पुरेशा नोंदी जमल्या की टिपण लिहायला घ्यावे. टिपण लहान असावे, त्यात एकच विधान असावे, आणि त्या विधानात "केव्हा" हा शब्द असावा. बैठकीच्या नोंदींतून, पुढचे काही प्रसंग तपासल्यावर, समजा असे टिपण निघाले: "तयारी अपुरी असते तेव्हा कोणी तोडले की मी गप्प बसतो आणि मनात त्याला अपमान म्हणतो, तयारी पुरी असते तेव्हा तोच मनुष्य त्याच शब्दांत तोडतो आणि मी मुद्दा पुन्हा मांडतो. झोपेचा फरक दिसला नाही. एकदा पूर्ण तयारी असूनही गप्प बसलो, त्याचे कारण सापडलेले नाही." शेवटचे वाक्य टिपणाला कमकुवत करत नाही. न बसलेला प्रसंग जागच्या जागी ठेवलेला असला की पुढे टिपण सुधारायला वाव राहतो.

मेंदूची परिभाषा टिपणात आणण्याचा मोह आवरावा. "माझ्यातले डोपामिन कमी पडले" किंवा "उजव्या मेंदूचा माणूस असल्यामुळे" असली वाक्ये वजनदार दिसतात, पण डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे आपण निरीक्षण केलेले नसते, आणि माणसे उजव्या मेंदूची किंवा डाव्या मेंदूची असतात या समजुतीला आधार नाही. रोजच्या कामांत दोन्ही अर्धगोल गुंतलेले असतात. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो, ही कल्पनाही तितकीच निराधार आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेतला सुमारे पाचवा हिस्सा खर्च करतो. एवढा खर्च रिकाम्या जागेवर कोणतेही शरीर करत नाही.

प्रसिद्ध प्रयोगांची नावे चिकटवतानाही हात आखडता घ्यावा. २०१५ साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले, तेव्हा त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांशाहून थोड्या अधिक अभ्यासांत संख्याशास्त्रीय कसोटीवर मूळचा निष्कर्ष पुन्हा मिळाला. मनोबळ वापरले की ते संपत जाते, ही अतिशय लोकप्रिय झालेली कल्पना २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासली आणि परिणाम जवळजवळ शून्य आला. शिवाय जे निष्कर्ष टिकतात तेही गटाच्या सरासरीविषयी असतात. प्रयोगाचा उपयोग कुठे पाहावे हे कळण्यापुरता करावा. तिथे काय दिसते ते आपल्या वहीनेच सांगायचे आहे. हे या लेखात वर आलेल्या प्रयोगांनाही लागू आहे.

कधी थांबावे

स्वतःकडे पाहणे आणि स्वतःला उगाळत बसणे यांत फरक आहे. सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून असे दिसले की खिन्न असताना "माझेच असे का होते" या प्रश्नाभोवती घोळत राहिल्याने खिन्नता लांबते. एकच प्रसंग उजव्या पानावर तिसऱ्यांदा आला आणि कोणताही नवा कयास किंवा नवे भाकीत त्यातून निघाले नाही, तर ते उगाळणे आहे असे समजून तो प्रसंग बंद करावा. त्याआधी एक उपाय करून पाहण्याजोगा आहे: तीच नोंद "मी" न वापरता, स्वतःचे नाव घेऊन, तिऱ्हाइताप्रमाणे लिहावी. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत अशा रीतीने स्वतःविषयी बोलणाऱ्यांना तणावाच्या प्रसंगी भावना आवरणे तुलनेने सोपे गेल्याचे आढळले. लिहिल्याने झोप उडत असेल, दिवसेंदिवस मन खचत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. ते काम वहीचे नाही.

वही कोणाला दाखवायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवावे. वाचक डोळ्यांसमोर आला की न शोभणारा कयास प्रथम गळतो. इतरांनी वाचावीत अशी टिपणे वेगळ्या कागदावर उतरवावीत आणि त्यात आलेली माणसे ओळखू येणार नाहीत इतके तपशील बदलावेत, मात्र वागण्याचा क्रम बदलू नये. तीन महिन्यांनी डावी पाने आधी वाचावीत, उजवी झाकून ठेवावीत, आणि प्रत्येक नोंदीचे कारण नव्याने लिहून मगच जुने उघडून पाहावे. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे खूण करावी, कारण पुढची टिपणे तिथूनच सुरू करता येतात.